पलीकडच्या बाजूनं बेंजो

गावदेवीच्या पालखीपुढं बेंजो वाजवायचा, एवढंच क्रांतीला हवं होतं. बंगला नको होता, टीव्हीवर यायचं नव्हतं. चैत्रात खारवाडीची पालखी निघते, तेव्हा गळ्यात बेंजो अडकवून देवळापासून खाडीच्या धक्क्यापर्यंत वाजवत जायचं, बस. आणि नेमकं तेवढं सोडून तिला बाकी सगळं मिळत गेलं.

बेंजो ज्यानं बघितला नाही त्याच्यासाठी सांगायला हवं. हातभर लांब लाकडी फळी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. वायर जोडली, मागच्या गाडीवरच्या भोंग्यातून आवाज सुटला की म्हातारे काठी टाकून नाचतात. उरण, पनवेल, अलिबाग, या सगळ्या पट्ट्यात त्याच्याशिवाय हळद लागत नाही आणि गणपती पाण्यात जात नाही. गादीवर बसून गाणाऱ्या लोकांना हे वाद्यच वाटत नाही. न वाटो. त्यांच्या मैफलीत लोक माना हलवतात, इथं अख्खा माणूस हलतो.

क्रांतीचा बाप सदा उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात ट्रेलर चालवायचा. सरकारनं गावाची भातशेती घेतली तेव्हा गाव मोर्चात होतं, त्याच वर्षी पोरगी झाली, म्हणून नाव क्रांती. आई केसर कोळंबी सोलायला कंपनीत जायची. शाळा सुटल्यावर पोरगी कुठं ठेवायची हा प्रश्न सदानं आपल्या पद्धतीनं सोडवला. उरणच्या बाजारात त्याच्या दोस्ताचं, यूनुसचं, रेडिओ नि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रेलर रांगेला लावायच्या आधी सदा पोरीला तिथं सोडायचा.

"यूनुसभाय, बघ जरा हिच्याकडं. शेंगदाने दिलेस की गप बसते."

"गप बसनारी वाटत नाय ही तुझी," यूनुस म्हणायचा. "डोले बघ कशे फिरतात."

यूनुसचा खरा धंदा रेडिओ नव्हताच. तो बेंजो मास्तर होता. मोहल्ल्यातल्या कव्वालीत वाजवायचा, आगऱ्यांच्या हळदीत वाजवायचा, आणि दर चैत्रात खारवाडीच्या गावदेवीपुढंही तोच वाजवायचा. त्याच्या बापानंही वाजवलं होतं. देवीला त्याची कधी अडचण झाली नाही, तिच्या भक्तांनाही नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं याच भक्तांना कशाकशाची अडचण होते ते बघायचंय.

दुकान म्हणजे बोळ होता नुसता. दारात आडवं टेबल, आत भिंतीला पाठ लावून यूनुस, बाहेरच्या अंगाला गिऱ्हाइकासाठी स्टूल. त्या स्टुलावर क्रांती. टेबलावर दुरुस्तीला आलेला नाहीतर तार बदललेला एखादा बेंजो कायम पडलेला, तोंड अर्थातच यूनुसकडं.

एका संध्याकाळी यूनुस नमाजाला गेला. परतताना मशिदीच्या कोपऱ्यावरच त्याला आपल्या दुकानातून आपलीच चाल ऐकू आली. अडखळत होती, पण होती त्याचीच. त्याला वाटलं मुलगा कैस आला असेल. येऊन बघतो तर स्टुलावर गुडघे टेकून सदाची पोरगी, तोंडात शेंगदाणे. त्याला बघताच तिनं हात मागं घेतला.

"हात का काढलास?"

"तुमचा हाय ना."

"माझा हाय तर खातोय काय मी? वाजव!"

त्या दिवशी शिकवणी सुरू झाली. यूनुसला बोलून शिकवता यायचं नाही. सा रे ग म म्हणायला लावलं असतं तर तोच गांगरला असता. त्याचं एकच सांगणं: "माझी बोटं बघ, बेटा." तो आत बसून वाजवायचा, ती बाहेर बसून बघायची, मग त्याच बेंजोवर पलीकडून हात घालायची. कधी दोघांची बोटं एकाच बटणावर यायची आणि भांडण लागायचं.

"माझ्या बटनावरून बोट काड."

"आधी मी आयली चाचा!"

"जागा धरतेस काय? एसटी हाय ही?"

वर्षभर असं चाललं. मग एक दिवस उरणातले एक संगीत क्लासवाले सर आपला कीबोर्ड दुरुस्तीला घेऊन आले. क्रांती एक कव्वालीची चाल झपाझप वाजवत होती. सर आधी ऐकत राहिले, मग वाकून तिचे हात बघायला लागले, आणि डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो यूनुसभाई, ही पोरगी उलटी वाजवतेय!"

"उलटी म्हंजे?"

"उजव्या हातानं बटणं दाबतेय, डाव्यानं तारा छेडतेय. बेंजोच्या पाठच्या बाजूनं!"

यूनुसनं पोरीकडं बघितलं, बेंजोकडं बघितलं, स्वतःच्या हातांकडं बघितलं. "या अल्ला," तो म्हणाला. वर्षभरात त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सूर बरोबर लागत होता, ठेका चुकत नव्हता, बाजू कोण बघतो? पोरगी समोर बसली होती, समोरून शिकली. आरशात बघून वेणी घालावी तशी.

त्यानं तिला लगेच आत घेतलं, आपल्या जागेवर बसवलं, डाव्या हाताला बटणं दिली. आणि क्रांतीची बोटं मेली. जी चाल ती आत्ता वाऱ्यासारखी वाजवत होती तिचा पहिला सूरही सापडेना. तिनं भोकाड पसरलं. "मना नाय येत चाचा, मना कायच नाय येत!"

यूनुसनं चहा मागवला. तो सगळे निर्णय चहावरच घ्यायचा. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "जा, बाहेर बस. तुझी जागा ती."

सर हसले. भला माणूस होता तो. "बसू दे. पण उभं राहून वाजवायची वेळ आली तर पट्टा कसा अडकवणार? याचे हूक एकाच बाजूला आहेत. पलीकडच्या बाजूलाही दोन मारून द्या." यूनुसनं तिथल्या तिथं ड्रिल काढलं. क्रांतीचा बेंजो असा तयार झाला.

त्याच चैत्रात तिनं पालखीपुढं यूनुसला वाजवताना बघितलं. आधीही बघितलं होतं, पण तेव्हा कान नव्हते. आता प्रत्येक बटण कळत होतं. माणसं घामानं निथळत नाचत होती, आणि त्यांच्या मधोमध दुकानात शर्टाची बटणं नीट न लावणारा तिचा चाचा राजासारखा चालला होता. आपणही असंच चालायचं, हे तिनं तिथंच ठरवलं. आईच्या कानात सांगितलंसुद्धा. केसर म्हणाली, "चाल की. पाय हायेत ना तुना?"

पाय होते. गावाला मात्र पायांपेक्षा बाकीच्या गोष्टी दिसायच्या.

कैस नोकरी लागून कुवेतला गेला तेव्हा क्रांती सतरा वर्षांची होती. यूनुसबरोबर दुसरा बेंजो वाजवायला कोणी उरलं नाही आणि नागावची एक हळद ठरलेली. यूनुस सदाकडं आला. सदा कुरकुरला. "वराती-हळदीत फिरली तर उद्या हिच्याशी लगीन कोन करंल?"

"ज्याला बेंजो आवडंल तो करंल," चुलीपुढून केसर म्हणाली. "आनि ज्याला आवडत न्हाय त्याला आपल्याला तरी कुठं द्यायचीय?"

नागावला नारळीच्या वाडीत मांडव होता. नवऱ्या मुलाच्या काकानं यूनुसमागं उभी पोरगी बघितली.

"भाय, हिला जेवायला आनलीय काय?"

"वाजवायला."

"ही? आनि नाचनारे काय करतील, हिची शिकवनी घेतील?"

यूनुसनं बेंजो गळ्यात अडकवला. मांडवात तो एका बाजूला उभा राहिला आणि क्रांती तिच्या सवयीनं त्याच्या बरोबर समोर, त्याच्याकडं तोंड करून. दुसरीकडं उभी राहिली तर तिला चाचाची बोटं दिसेनात. दोघांच्या मध्ये हातभर जागा. यूनुसनं सूर टाकला, तिनं उचलला, तिनं टाकला, त्यानं उचलला. बघणाऱ्यांना वाटलं हा दोघांचा खास प्रकार आहे, झुंज लावलीय. माणसं भोवती गोल धरून ओरडायला लागली. "पोरी, सोडू नको म्हाताऱ्याला!" "भाय, दाखव हिला!" शेजारच्या घरगुती हॉटेलात उतरलेले पर्यटक मोबाइल वर धरून कुंपणावर चढले. काका इतका नाचला की त्याची लुंगी दोघांनी धरून ठेवावी लागली.

मोबाइलमधली ती हळद पंधरवड्यात पार भिवंडीपर्यंत पोहोचली. लोकांनीच नाव ठेवलं, आमनेसामने बेंजो. मग लग्नं, गणपती, उरूस, नवरात्र. पनवेल, पेण, वसई. रस्त्यात शिट्ट्या मारणारे भेटले. "मॅडम, आमचं पन बटन दाबा ना," म्हणणाराही भेटला. क्रांतीनं वाजवणं थांबवलं, त्याच्यासमोर जाऊन माइक त्याच्या तोंडाला लावला आणि म्हणाली, "परत बोल. तुझ्या आयसला ऐकू जाऊ दे." अख्ख्या वरातीत त्याची आई, मावशी, बहीण होत्याच. पुढं त्या गावात शिट्टी वाजली नाही.

असं सगळं झालं. सगळीकडं वाजवलं. फक्त स्वतःच्या गावात नाही.

खारवाडीच्या देवस्थान कमिटीचा अध्यक्ष शिवदास. दोन ट्रक, एक पेट्रोलपंपाची अर्धी भागीदारी, आणि देवीच्या मनातलं सगळं कळण्याचा पूर्ण हक्क. क्रांती दर फाल्गुनात देवळात जाऊन विचारायची आणि शिवदास दर फाल्गुनात तेच सांगायचा.

"बाय, बायामानसांनी पालखीपुढं चालत न्हाय. मागं चालायचं. देवीला चालत न्हाय ते."

"देवीनं सांगितलं तुमाला?"

"परंपरा हाय."

देवी स्वतः बाई. तिला नऊवारी नेसवायची, तिच्या नाकात नथ घालायची, तिची ओटी भरायची, आणि तिच्यापुढं बाई चालत नाही म्हणायचं. यूनुस चालत होता, आणि चालत होता ते चांगलंच होतं. दारू पिऊन पालखीच्या दांड्याला लोंबकळणारे चालत होते, तेही चालवून घेतलं. गावची लेक तेवढी चालत नव्हती. कमिटीतल्या एकालाही हे सांगताना लाज वाटली नाही, कारण लाज वाटायला आधी विचार करावा लागतो.

यूनुसला वय झालं तशा हळदीच्या तारखा कमी झाल्या. क्रांतीनं गावात घराच्या ओटीवर शिकवणी सुरू केली. बाकावर बेंजो ठेवायचा, पोरं बाहेरच्या अंगाला बसायची आणि ती आतल्या. बेंजोचं तोंड पोरांकडं, म्हणजे पोरं आपोआप सरळ बाजूला आणि ती तिच्या नेहमीच्या, पलीकडच्या. तिला काही वेगळं करावंच लागलं नाही. तिचं सांगणंही चाचाचंच. "आपल्या बोटांकडं नको बघूस. माझी बघ." पोरं तिच्या बोटांवर डोळे लावून वाजवायची आणि भराभर शिकायची. उरणहून पालक चौकशीला यायला लागले. कारखान्यातून थकून आलेले बाप ओटीच्या कडेला बसून ऐकत राहायचे. गावातल्या चार पोरांचा हात चांगला बसला. त्यातला साहिल शिवदासचा नातू. मुलींमध्ये रुचिका सगळ्यांत तयारीची आणि सगळ्यांत तोंडाळ.

यंदा फाल्गुनात क्रांती देवळात गेलीच नाही. शिवदासच तिच्या ओटीवर आला, पेढे घेऊन.

"यूनुसभाय बोलला गुडघे गेले, यंदा चालता येनार न्हाय. आमी कमिटीत ठरवलं, बाहेरची पार्टी कशाला? आपल्या गावचीच पोरं हायेत. तुझी पोरं दे आमाला."

"आनि मी?"

"तू आमची लेक. तुझा मान हाय. तुना नारळ देनार, शाल देनार. तू बायांत चाल."

"म्हंजे मी शिकवलेलं देवीला चालतं, मी न्हाय चालत?"

"शब्दाला शब्द नको लावू गो."

"आनि आमी?" बाकावरून रुचिका म्हणाली. "साहिलपेक्षा मना जास्त येतं."

"तुमी फुगड्या घाला," शिवदास म्हणाला.

"तुमी घाला फुगड्या, आमी बघतो."

शिवदास गेल्यावर क्रांतीनं पेढ्यांचा पुडा गटारात फेकायला उचलला. रुचिकानं तो मधल्या मधे पकडला. "पेढ्यानं काय केलंय?" म्हणत वाटूनसुद्धा टाकला. क्रांतीनं मात्र पेढ्याला हात लावला नाही. पोरं द्यायचीच नाहीत, हे तिनं ठरवून टाकलं. बघू शिवदास पालखीपुढं काय वाजवतो, पंपाचा भोंगा? ती तशीच उठून उरणला यूनुसकडं गेली.

यूनुसनं सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. "पोरं काय बोलतात?"

"पोरांना काय, उड्या मारतात. त्यांना वाजवायचंय."

"तुला पन वाजवायचं होतं त्या वयात."

"अजून हाय, चाचा."

"व्हय. म्हनून सांगतो. रागानं पोरं अडवलीस तर तू नि शिवदास एकाच कमिटीत बसाल."

क्रांतीला हे अजिबात आवडलं नाही. दोन दिवस ती यूनुसवरही चिडून होती. तिसऱ्या दिवशी तिनं पोरांचे पट्टे तपासले, नव्या तारा लावल्या आणि सांगितलं, "जा. पन घान वाजवलंत तर ओटी चढू देनार न्हाय."

पालखीच्या दिवशी दुपार कलली तेव्हा देवळाचं अंगण भरलं होतं. मुंबईला, नवी मुंबईला गेलेली माणसं आली होती, गॉगल लावून. बाया पायऱ्यांवर उभ्या होत्या, क्रांती त्यांच्यातच. एका बाजूला केसर, दुसऱ्या बाजूला नीराबाई. नीराबाई गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, देवीची पहिली ओटी तिच्या हातची. खाली अंगणात पोरं बेंजो गळ्यात घालून देवळाकडं तोंड करून उभी राहिली. सुरुवातीची वंदना देवीसमोर वाजवायची असते.

वाजवली. आणि काय वाजवली! साहिलनं पहिला सूर धरला तशी पायऱ्यांवर क्रांतीची बोटं आपोआप लुगड्याच्या निऱ्यांवर नाचायला लागली. पोरांचे डोळे तिच्यावरच होते. कच्छी ढोल बसला, ताशा तडतडला, गॉगलवाले गॉगल खिशात घालून मैदानात उतरले. क्रांतीला आनंद झाला आणि हेवाही वाटला. तिथं ती असायला हवी होती.

मग पालखी उठली. रिवाजाप्रमाणं वाजवणारे वळले, पालखीकडं पाठ आणि रस्त्याकडं तोंड करून पुढं झाले. मागं नाचणारे, त्यांच्या मागं पालखी, पालखीमागं बाया. साहिलनं चालताना वाजवायची चाल सुरू केली.

आणि पाच-पन्नास पावलांत सगळ्याचा बट्ट्याबोळ झाला. एक पोरगा पुढं पळाला, दुसरा मागं राहिला, तिसरा आधीच्याच ओळीत घुटमळला. साहिलनं तर भलतंच बटण धरलं आणि तेच दाबत बसला. ढोलवाला ओरडला, "अरे कुठं चाललाव? थांबा माझ्यासाठी!" नाचणारे एक पाय वर घेऊन थबकले.

"काय रं, बेंजो हाय की कोंबड्या सोडल्यात?"

"पंपावर हवा भरून आना यांच्यात!"

पालखी थांबली. चालती पालखी वाटेत थांबणं गावाला चालत नाही. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. आणि खरं सांगायचं तर क्षणभर क्रांतीला गोड वाटलं. भोगा. शाल द्या, नारळ द्या, आणि भोगा. मग तिला साहिल दिसला. तो चालता चालता मागं वळून उलटा चालायला लागला होता, मान उंचावून बायांच्या गर्दीत काहीतरी शोधत होता. तोंड रडकुंडीला आलेलं.

"ताई!" तो ओरडला. "ताई, समोर या ना! समोर कोनच न्हाय, बोटं दिसत न्हायत!"

क्रांतीला तेव्हा उमगलं आणि तिनं कपाळावर हात मारला. ही पोरं आजवर तिच्या बोटांशिवाय एक सूरही वाजवायला शिकलेली नव्हती. ओटीवर ती समोर, अंगणात पायऱ्यांवर ती समोर. समोर नुसता डांबरी रस्ता ठेवून वाजवायची वेळ त्यांच्यावर आज पहिल्यांदा आली होती. चाचानं तिला असंच शिकवलं, तिनं पोरांना तसंच शिकवलं, आणि चाचासारखंच तिच्याही कधी ध्यानात आलं नाही.

ती पदर खोचून निघाली. पालखीच्या बाजूनं पुढं आली तर शिवदास आडवा.

"क्रांती, मागं."

"मी मागं गेली तर पोरं पन मागं तोंड करतील, काका. बघा तुमचा नातू कुठं बघतोय."

नातू तिच्याकडंच बघत होता. तेवढ्यात रुचिका आणि क्लासच्या बाकीच्या पोरी गर्दीतून घुसल्या. क्रांतीचं घर त्याच रस्त्यावर. तिचा बेंजो त्यांनी एव्हाना ओटीवरून उचलून आणलाही होता. रुचिकानं पट्टा तिच्या गळ्यात टाकला, पलीकडच्या हुकात अडकवला, गाडीवरची वायर ओढून खोचली. विचारायचं कोणाला आणि कशाला?

क्रांती पोरांच्या पुढं जाऊन उभी राहिली. त्यांच्याकडं तोंड करून. म्हणजे पालखीकडं तोंड, रस्त्याकडं पाठ.

"बाईमानूस देवीच्या पुढं!" कमिटीतून एकजण ओरडला. "अपमान हाय हा!"

"कोनाचा रं अपमान?" मागून आवाज आला. नीराबाई दोन सुनांच्या खांद्यांवर हात ठेवून पुढं आली होती. "नीट बघ जरा. तुझी पाठ कुठं हाय?"

त्यानं बघितलं. त्याची पाठ पालखीकडं होती.

"आनि तुझी रं, शिवदास? वरसानुवरसं समदे बापये देवीला कुल्ले दावून नाचतात. ही पहिली तोंड करून आयली. देवीला काय आवडत असंल, तूच सांग."

आधी बाया हसल्या. मग ढोलवाला. मग पालखी खांद्यावर घेतलेले, आणि ते हसले तशी पालखी डुलायला लागली. शिवदासनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच क्रांतीनं सूर टाकला.

साहिलनं उचलला. मागोमाग बाकीच्यांनी. डोळे तिच्या बोटांवर, बोटं बटणांवर. ढोल धावत येऊन मिळाला. पालखी हलली, आणि क्रांती पहिल्यांदा आपल्या गावच्या देवीपुढं चालायला लागली. मागं मागं पावलं टाकत, देवीच्या नथीकडं बघत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं दंडानं पुसलं, कारण हात रिकामा नव्हता.

आता उलटं चालायचं म्हणजे खड्डे दिसत नाहीत, आणि खारवाडीच्या रस्त्याला रस्ता कमी, खड्डे जास्त. पहिल्याच गतिरोधकावर ती अडखळली तसा सदा गर्दी फोडून तिच्या पाठीशी आला. आयुष्यभर ट्रेलर मागं घेतलेला माणूस. त्यानं एक हात उंच केला आणि सुरू झाला.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे... डावी मार! खड्डा हाय! सरल कर! येऊ दे!"

लोकांनी ते उचललंच. "येऊ दे! येऊ दे!" अख्खी मिरवणूक ठेक्यात ओरडायला लागली. कच्छी ढोलानं त्या आरोळीवरच ठेका धरला. नाचणाऱ्यांमधला एकजण पालखीकडं तोंड करून उलटा नाचायला लागला. त्याचं बघून दुसरा, तिसरा. थोड्या वेळात पालखीपुढची सगळी बाप्ये मंडळी मागं मागं सरकत नाचत होती आणि एकमेकांवर आपटत होती. सगळ्यांना दिशा दाखवायला एकटा सदा. नीराबाईच्या बोलण्यानंतर देवीला पाठ दाखवायची हिंमत कोणाची होती? शिवदासनं आधी आडवं चालून बघितलं. मग कोणीतरी खांदा धरून त्यालाही फिरवला.

खाडीच्या धक्क्यावर यूनुस रिक्षात पाय पसरून बसला होता. कैसनं कुवेतहून पाठवलेली पांढरी टोपी डोक्यावर. वळणावरून मिरवणूक आली ती, वाजवणारी पोरं सोडली तर, सगळी पाठमोरी. आधी सदाची पाठ, मग क्रांतीची, मग नाचणाऱ्यांची, आणि त्या सगळ्यांच्या वर समोरून येणारी देवी.

"या अल्ला," यूनुस रिक्षावाल्याला म्हणाला, "सगल्या गावालाच उलटं करून आनलं हिनं." आणि गुडघ्यांचं सोडून देऊन तो उतरला. क्रांती त्याच्यापर्यंत आली तेव्हा तो वाकून वाकून तिची बोटं बघत होता.

"तिसऱ्या ओळीत घाई केलीस."

"रस्त्यात खड्डा व्हता, चाचा!"

"खड्डा रस्त्यात व्हता, चालीत कशाला?"

धक्क्यावर पालखी टेकली. ओट्या भरल्या, नारळ पाण्यात गेला, सरबत फिरलं. शिवदास घाम पुसत क्रांतीजवळ आला. त्यानं आधी सरबताचा पेला तिच्यापुढं केला. मग म्हणाला, "आथां परत जाताना... त्या मघाच्या चालीवरच नेशील ना? ती बरी वाटली."

"नेते की. शाल आनलीय?"

"हाय देवलात."

"मग ती नीराबायला द्या. मना नको, मना गरम व्हतंय."

पालखी परत उचलायची वेळ झाली. क्रांती पुढं जाऊन उभी राहिली, सदानं हात वर केला. तिनं समोर बघितलं तर साहिलच्या शेजारी पोरांच्या ओळीत रुचिका उभी. तिच्या गळ्यात बेंजो. कोणाचा काढून घेतला होता ते त्या पोराच्या चेहऱ्यावर दिसतच होतं.

"ही कोन आथां मधेच?" शिवदासनं विचारलं.

"मी ना?" रुचिका म्हणाली. "मी फुगडी घालायला आयली."

शिवदासच्या तोंडावर 'परंपरा' आलंच होतं. पण त्यानं पालखीकडं बघितलं, नीराबाईकडं बघितलं, आणि मुकाट्यानं फिरून उलटा उभा राहिला. क्रांतीनं नखी वर उचलली. रुचिकाचे डोळे तिच्या बोटांवर आले.

"येऊ दे!" सदा ओरडला.